देवी काढल्या आणि देवी आल्या

आपल्याकडच्या जुन्या माणसांच्या बोलण्यात ‘देवी’ हा शब्द दोन अर्थांनी येतो. अंगभर फोड उठले की ‘देवी आल्या’ आणि दंडावर लस टोचली की ‘देवी काढल्या’. रोग आणि त्यावरची लस, दोघांना नाव एकच. या दोन देवींची गाठ कधी कधी एकाच अंगात पडे. रोग आत शिरलेला असे, पण त्याचा पत्ता कुणालाच नसे; आणि नेमकी तेव्हाच लस टोचली जाई.

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झाला. त्याआधी वरोऱ्यापासून सिरोंच्यापर्यंत सगळा मुलूख एकाच जिल्ह्यात होता. १८५४ साली नागपूरकर भोसल्यांचं राज्य खालसा झालं आणि चांदा इंग्रजांकडे गेला. मुंबईत त्याच्या कितीतरी आधी, १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली होती. हिंदुस्थानातली ती पहिली यशस्वी लस. पण मुंबईची लस आणि आमच्या जंगलातली लस यांत फार अंतर होतं. पावसाळ्यात इंद्रावती, प्राणहिता, पर्लकोटा फुगल्या की गावं तुटायची, उन्हाळ्यात लस खराब व्हायची. टोचणाऱ्याला उरायचा तो हिवाळा. बरं, लस तरी कुठली? सुरुवातीला आठवडाभरापूर्वी टोचलेल्या पोराच्या दंडावरच्या फोडातली लस काढून दुसऱ्याला टोचत. आईबापांना हे आवडत नसे, आणि त्यांचं फारसं चुकत नव्हतं. अशा टोचण्यातून एकाचा दुसरा एखादा रोग दुसऱ्याला लागू शकत असे. पुढे वासराची लस आली.

आता दिवसांचा हिशेब पाहा. देवीचा विषाणू शरीरात शिरल्यावर साधारण बारा दिवस माणूस हिंडता-फिरता असे. मग जोराचा ताप, आणि दोन-चार दिवसांनी फोड. लस मात्र या रोगापेक्षा लवकर काम करी. म्हणून संसर्गानंतर तीन-चार दिवसांच्या आत लस टोचली, तर रोग बहुधा टळे किंवा सौम्य येई. जो नववा-दहावा दिवस गाठून बसला आहे, त्याला टोचून फारसं काही साधत नसे. दोन-तीन दिवसांत ताप येई, आणि दंडावरची लस कशी उठली हे पाहायला माणूस आठवड्यानं परत येई, तोवर पोराच्या तोंडावर, हातापायांवर देवी उठलेल्या असत.

गावानं काय समजायचं? काल-परवापर्यंत पोर धडधाकट होतं. परका माणूस आला, टोचून गेला आणि देवी आल्या. गावाच्या कडेच्या मातामायला आपण दुखावलं, असं कुणी म्हटलं तर त्याला अडाणी ठरवणं सोपं होतं. माझ्या मते त्यांनी जे पाहिलं ते खरंच होतं. फक्त बारा दिवसांची ती न दिसणारी बाजू त्यांना कुणी सांगितली नव्हती. शिवाय साथीची बातमी आल्यावर टोचणारा गावात पोचे, तेव्हा निम्मं घर आधीच रोग्याच्या उशापायथ्याशी बसलेलं असे. त्यामुळे असे योग वारंवार येणारच.

गंमत अशी, की ज्या गोष्टीनं लस बदनाम झाली तीच पुढे देवी निर्मूलनाच्या कामी आली. १९६२ साली देशभर राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, कोट्यवधी लोकांना टोचलं, तरी साथी थांबेनात. मग १९७० च्या दशकात रोगी शोधायचा, त्याच्या घरावर पहारा बसवायचा आणि आसपासच्या सगळ्यांना ताबडतोब टोचायचं, अशी पद्धत जोमानं राबवली गेली. रोग आत शिरला असला तरी टोचा, उशीर झाला नसेल तर वाचेल, हा त्यामागचा हिशेब होता. देशातली देवीची शेवटची रोगी मे १९७५ मध्ये आसामात सापडली.

छत्तीसेक वर्षं नव्हे, तब्बल शेहेचाळीस वर्षांनी हाच प्रश्न पुन्हा दारात आला. १ एप्रिल २०२१ पासून पंचेचाळीस वर्षांवरच्या सर्वांना कोरोनाची लस खुली झाली आणि त्याच महिन्यात दुसरी लाट उसळली. ‘लस घेतली आणि कोरोना झाला’ हे वाक्य चंद्रपुरातही ऐकू येई आणि एटापल्ली-भामरागडकडेही. कोव्हिशील्ड किंवा कोव्हॅक्सिनमध्ये जिवंत कोरोना विषाणू नव्हता, तेव्हा लसीमुळे कोरोना होणं शक्यच नव्हतं. पण लसीचा ताप एक-दोन दिवसांत उतरे, कोरोनाचा ताप मात्र आधीच अंगात दबा धरून बसलेला असे. पहिल्या मात्रेचं संरक्षण यायला दोन-तीन आठवडे लागत, आणि गर्दीच्या रांगेतही संसर्ग होऊ शकत होता.

मग लसीआधी प्रत्येकाची तपासणी का केली नाही? केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं १९ मे २०२१ रोजी स्पष्ट केलं, की लसीपूर्वी जलद अँटिजेन चाचणीची गरज नाही. पहिल्या मात्रेनंतर ज्याला कोरोना होईल त्यानं बरं झाल्यावर तीन महिन्यांनी दुसरी घ्यावी, असंही त्याच दिवशी सांगितलं. म्हणजे रांगेतल्या काहींच्या अंगात विषाणू असणार, हे गृहीत धरूनच टोचणं चालू राहिलं. केंद्रावर लस घेतल्यावर अर्धा तास बसवून ठेवत, ते ॲलर्जीवर लक्ष ठेवायला. पुढच्या आठवड्यात ताप आला तर तो कशाचा असू शकतो, हे त्या अर्ध्या तासात माडियात किंवा गोंडीत सांगायला फार वेळ लागला नसता.