अद्भुतकथेच्या दोन वाटा : वीरकथा आणि महाकथा

अद्भुतकथा म्हणजे मुलांची करमणूक, हा समज आपल्याकडे बराच दृढ आहे. विसाव्या शतकातील इंग्रजी वाङ्मयाचा इतिहास मात्र निराळी साक्ष देतो. त्या शतकात प्रौढ वाचकांनी ज्या कल्पित जगांवर जीव लावला, त्यांची दोन घराणी ठळकपणे दिसतात. एक वीरकथेचे : एकटा योद्धा, हाती तलवार, समोर मांत्रिक किंवा श्वापद, आणि एका बैठकीत संपणारी कथा. दुसरे महाकथेचे : साऱ्या जगाचे भवितव्य पणाला लागलेले, अनेक कुळे आणि राज्ये त्यात गुंतलेली, आणि शेकडो पृष्ठे चालणारा प्रवास. पोवाडा आणि पुराण यांतील जे अंतर मराठी कानाला सहज जाणवते, साधारण तसेच हे अंतर आहे. वाचकाला या दोहोंची ओढ का वाटते, हे समजून घ्यायचे तर दोन लेखकांच्या चरित्रांकडे वळावे लागते.

रॉबर्ट ई. हॉवर्ड यांचा जन्म १९०६ साली अमेरिकेतील टेक्सास राज्यात झाला. वडील डॉक्टर. क्रॉस प्लेन्स या लहानशा गावी त्यांचे बहुतेक लेखन झाले. तेलाचा शोध लागताच अशा गावांत पैसा, गुंडगिरी आणि दारू कशी शिरते, हे त्यांनी कोवळ्या वयात पाहिले. सुसंस्कृतपणा हा वरवरचा मुलामा आहे, ही त्यांची धारणा बहुधा तेथेच पक्की झाली. १९२३ साली सुरू झालेल्या ‘वीअर्ड टेल्स’ या स्वस्त मासिकात, डिसेंबर १९३२ मध्ये, त्यांच्या कोनॅनची पहिली कथा आली. लोहाराचा हा रानटी मुलगा कधी चोर, कधी चाचा, कधी भाडोत्री सैनिक, तर कधी राजा म्हणून भेटतो. कथांना कालक्रम नाही. पहिल्याच कथेत तो सिंहासनावर आहे, पुढच्या कथांत पुन्हा तरुण. त्यामुळे वाचकाने कोठूनही प्रवेश करावा, आणि कथा संपली की समाधानाने मासिक मिटावे.

तो काळ जागतिक मंदीचा होता. ज्यांच्या नोकऱ्या अदृश्य शक्तींनी हिरावून घेतल्या होत्या, त्यांना हा नायक का रुचला, हे सांगायला नको. त्याचा शत्रू डोळ्यांसमोर उभा असतो आणि मनगटाच्या बळावर त्याचा निकाल लागतो. वीरकथेचे खरे आकर्षण हेच. ती जग सुधारण्याचे आश्वासन देत नाही, आजची रात्र तरून जाण्याचे बळ देते. हॉवर्ड यांच्या स्वतःच्या वाट्याला मात्र ते बळ आले नाही. आई क्षयाने खंगत होती, औषधोपचाराचा खर्च वाढत होता आणि १९३५ साली मासिकाकडे त्यांचे आठशेहून अधिक डॉलर थकले होते. आई शुद्धीवर येण्याची आशा नाही, असे कळताच ११ जून १९३६ रोजी त्यांनी स्वतःचे जीवन संपवले. वय अवघे तीस.

जे. आर. आर. टोल्कीन यांच्या आयुष्यावरही आईच्या आजारपणाची छाया आहे. १८९२ साली जन्मलेल्या या मुलाची आई मेबल १९०० साली कॅथलिक झाली आणि आप्तांनी तिची मदत थांबवली. १९०४ साली मधुमेहाने तिचे निधन झाले. इन्सुलिनचा शोध अजून दूर होता. पोरक्या झालेल्या दोन्ही मुलांचा सांभाळ संत जॉन हेन्री न्यूमन यांनी स्थापिलेल्या बर्मिंगहॅम ओरेटरीतील फादर फ्रान्सिस मॉर्गन यांनी केला. पुढे १९१६ साली सॉमच्या रणभूमीवर टोल्कीन स्वतः होते. त्या एका वर्षात त्यांनी शाळेपासूनचे दोन जिवलग मित्र गमावले.

१९५४-५५ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झालेल्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये म्हणूनच वीर पुष्कळ असले, तरी जगाचा भार एका बुटक्या, शांतताप्रिय फ्रोडोवर येतो. ज्या अंगठीमुळे अमर्याद सत्ता मिळते, ती वापरायची नाही, नष्ट करायची आहे. अखेरच्या क्षणी फ्रोडोही मोहाला बळी पडतो. कार्य सिद्धीस जाते ते गोलम या दीनवाण्या जीवामुळे, ज्याला पूर्वी अनेकदा दयेपोटी जीवदान मिळाले होते. अंगठीचा नाश २५ मार्च रोजी, म्हणजे देवदूताच्या संदेशाच्या सणाच्या तारखेला होतो. आपली ही कृती मुळात धार्मिक आणि कॅथलिक आहे, असे टोल्कीन यांनी १९५३ साली येशूसंघीय फादर रॉबर्ट मरे यांना लिहिले होते. कथेत कोठेही प्रार्थनामंदिर नसताना दयेचे हे सूत्र सबंध कथेला धरून ठेवते.

गंमत अशी की, या दोन प्रकारांची नावेही प्रारंभी निश्चित नव्हती. हॉवर्ड यांच्या धर्तीच्या कथांना ‘महाकाव्यात्म’ म्हणावे, अशी सूचना १९६१ साली लेखक मायकेल मूरकॉक यांनी केली. त्यावर फ्रिट्झ लायबर यांनी ‘तलवार आणि जादू’ हे नाव सुचवले. १९६५-६६ च्या सुमारास टोल्कीन आणि कोनॅन, दोघेही अमेरिकेत स्वस्त कागदी बांधणीत निघाले आणि एकाच पिढीच्या हाती पडले. पुढे ‘महाकाव्यात्म’ हे विशेषण टोल्कीन यांच्याच परंपरेला चिकटले.

यांत श्रेष्ठ कोण, हा वाद निरर्थक वाटतो. संकट अंगावर येते तेव्हा माणसाला कोनॅनचे धैर्य हवेसे वाटते. परंतु आयुष्यात अशीही दुःखे येतात, जी तलवारीने तुटत नाहीत : आईचे मरणशय्येवर पडणे, मित्रांचे न परतणे. तेथे वीरकथा मूक होते. महाकथा त्या दुःखाला एका मोठ्या कथेत जागा देते, आणि आपण केलेली लहानशी दया कोठेतरी, आपल्या दृष्टीआड, फळाला येत असेल असा विश्वास देते. पहिलीने वाचकाची एक रात्र निभावते. लांबच्या वाटेला मात्र दुसरीचीच सोबत लागते.