ॲपमधला हिरवा पट्टा कुठून आला?



गेल्या रविवारी मोशीला ताईकडे गेलो होतो. तिला सहावा महिना चालू आहे. भावजी चाकणला, सेकंड शिफ्टला. ताईने मोबाईल पुढे केला. "बघ रे, ॲप म्हणतंय वजन हिरव्या पट्ट्यात आहे. डॉक्टर म्हणतात जरा आवरा, आणि शुगरची टेस्ट करा. राहू दे ना टेस्ट?"

आता आपण पडलो इंजिनियर. हिरवा पट्टा म्हणजे कोणीतरी कोडमध्ये टाकलेले आकडे! ते आले कुठून?

ताईची उंची १५२ सेंमी, आधीचं वजन ५५ किलो. म्हणजे बीएमआय २३.८. हे गणित १८३२ मधलं, बेल्जियमच्या केटले नावाच्या गणितज्ञाचं. त्याला 'सरासरी माणूस' शोधायचा होता, गरोदर बाई त्याच्या डोक्यातही नव्हती. 'बीएमआय' हे नाव दिलं ॲन्सेल कीज यांनी, १९७२ मध्ये. पुढे २००९ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने तक्ता काढला: बीएमआय १८.५ ते २५ च्या आत असेल तर गरोदरपणात ११.५ ते १६ किलो वाढ ठीक, २५ ते ३० असेल तर ७ ते ११.५ किलो. ताईच्या ॲपमध्ये हाच तक्ता निघाला.

गंमत म्हणजे याचं उत्तर आपल्या पुण्यातच होतं. केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा अभ्यास सुरू केला. या आया अगदी बारीक, सरासरी ४२ किलोच्या आसपास. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं हडकुळी, पण चरबी मात्र त्या मानाने राखून असलेली! २००४ मध्ये याज्ञिकांनी स्वतःचा आणि डॉ. युडकिन या इंग्रज मित्राचा फोटो 'लॅन्सेट'मध्ये छापला. दोघांचा बीएमआय २२.३. चरबी? युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के.

म्हणूनच २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी जादा वजनाची रेघ २५ वरून २३ वर आणली. त्या रेघेने ताई 'नॉर्मल'च्या बाहेर जाते. आपल्या सरकारची एएनएम सिस्टरांसाठीची २०१० ची पुस्तिका तर सरसकट ९ ते ११ किलोच सांगते.

म्हणजे ॲप वाईट का? तसं नाही. मुंबईच्या 'अरमान' संस्थेने २०१४ मध्ये 'एममित्र' सुरू केलं. त्यात पट्टे नाहीत की आलेख नाहीत, साध्या फोनवर आपल्या भाषेत आठवड्याचा सल्ला. फोनने आठवण करावी, धीर द्यावा. पण निकाल? तो समोर बसलेल्या डॉक्टरांनीच द्यावा. आणि त्या सहा गावांतल्यासारखी बारीक आई असेल तर तिला "आवरा" म्हणणंही तितकंच चूक.

बाळंतपणानंतर डिंकाचे लाडू घेऊन आई येणारच आहे. तेव्हा तर ताईचं ॲप फक्त बाळाच्या लसी मोजणार, आईचं वजन कोणी विचारणार नाही. तेव्हाचं तेव्हा बघू.

असो. टेस्ट शनिवारी आहे. भावजींना फर्स्ट शिफ्ट, त्यामुळे ड्रायव्हर मी. ताई म्हणाली, "ग्लुकोज पिऊन दोन तास बसायचंय, येताना पुस्तक आण."

पुस्तक पिशवीत टाकलंय :)