हाली सिक्क्यावरील ऐन

बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असल्याने तेथील जुन्या नाण्यांत हाली सिक्क्याचा भरणा असणे स्वाभाविकच होय. ‘हाली’ म्हणजे चालू. १९५९ मध्ये चलन संपले, नाव मात्र राहिले. चारमिनार छापाच्या रुपयाची प्रत ठरविताना व्यापारी प्रथम झीज पाहतो. जाणत्या संग्राहकाची दृष्टी मधल्या कमानीतील अक्षरावर जाते. मीम असल्यास नाणे महबूब अली खानांचे. ऐन असल्यास १९११ मध्ये गादीवर आलेल्या उस्मान अली खानांचे. त्यांच्या आरंभीच्या रुपयांवर हे ऐन अपुरे, नंतरच्यांवर पूर्ण आढळते. सराफाच्या तराजूत दोहोंची चांदी सारखीच. चिंचेने घासून लखलखीत केलेल्या नाण्यावर हा भेद पुसट होतो; मुशीत तो उरतच नाही.