पोर्तुगीज भाषा कशासाठी शिकावी?

माझे गाव वसईच्या बाजूचे. सुटीत गावी गेलो म्हणजे आमच्या प्राथमिक शाळेतल्या जुन्या गुरुजींना भेटल्याशिवाय मी परतत नाही. काही वर्षांपूर्वी असाच गेलो होतो. बोलता बोलता सांगितले, "गुरुजी, मी पोर्तुगीज शिकतो आहे. विद्यापीठाच्या वर्गात नाव घातले आहे."

गुरुजींनी चष्मा काढून पंच्याने पुसला आणि म्हणाले, "अरे, चिमाजीअप्पांनी ज्यांना वसईतून घालवले, त्यांची भाषा तू आता चाळिशीला शिकतोस? कशाला?"

हा प्रश्न एकट्या गुरुजींचा नाही. पुष्कळांच्या मनात तो असतो, आणि तो गैर आहे असेही मी म्हणणार नाही. त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. आज ते आपल्यापुढे मांडतो.

पहिले कारण माझ्या स्वतःच्या फजितीचे आहे. मी इतिहासाचा अध्यापक. मराठ्यांच्या वसईच्या मोहिमेवर मी एक लेख लिहिला होता. पोर्तुगीज कागदांचे इंग्रजीतले सारांश वाचून त्यात एक वाक्य घातले, की १७३९ च्या जानेवारीत मराठ्यांची फौज साष्टीत शिरली. आणि ही साष्टी म्हणजे आपली ठाण्याची, असे धरून पुढचा सारा तर्क बांधला. लेख छापून आला. महिनाभराने गोव्याहून एका वाचकाचे पत्र आले. आपली साष्टी चुकली, असे त्यांनी मोठ्या सौजन्याने कळवले होते.

चूक खरोखरच माझी होती. पोर्तुगीज कागदांत साल्सेत नावाचे दोन प्रांत येतात. एक ठाण्याची साष्टी, दुसरी गोव्यातली, मडगावकडची. ठाण्याची साष्टी मराठ्यांनी १७३७ मध्येच घेतली होती. १७३९ च्या जानेवारीत व्यंकटराव घोरपडे शिरले ते गोव्याच्या साष्टीत. इकडे चिमाजीअप्पा वसईकडे लढत होते, आणि तिकडे गोव्यावर दाब ठेवून वसईला कुमक जाऊ द्यायची नाही, असा तो डाव होता. मी साष्टी चुकलो आणि तो डावच माझ्या लेखातून निसटला. मूळ कागद वाचता आला असता, तर पुढच्या दोन ओळींतली गावांची नावे पाहूनच उलगडा झाला असता. त्या पत्राने मला पोर्तुगीजच्या वर्गात नेऊन बसवले.

अशा अडचणी कितीतरी आहेत. वसईचा किल्ला पोर्तुगिजांनी रिकामा केला तो दिवस काही पुस्तकांत १२ मे, तर काहींत २३ मे असा सापडतो. खोटे कोणीच लिहिलेले नाही. पोर्तुगालने नवी दिनगणना १५८२ मध्येच स्वीकारली. इंग्रजांनी ती १७५२ पर्यंत घेतली नव्हती. अठराव्या शतकात दोन्ही पंचांगांत ११ दिवसांचे अंतर होते. मुंबईकर इंग्रज आणि वसईकर पोर्तुगीज एकाच दिवसाला वेगवेगळी तारीख घालीत. नावांचेही तेच. पोर्तुगीज कागदात 'इदालशा' दिसला तर तो विजापूरचा आदिलशहा, 'बासैं' म्हणजे वसई, आणि 'तानादार' म्हणजे आपला ठाणेदार. एकदा कान तयार झाला, की परक्या पोशाखातली आपली माणसे ओळखू येतात.

आता हे कागद आहेत तरी कोठे? काही लिस्बनला आहेत, आणि फार मोठा साठा पणजीला आहे. गोव्याचे दप्तरखाने १५९५ मध्ये स्थापन झाले. दियोगु द कौतु हा इतिहासकार त्याचा पहिला दप्तरदार. या दप्तरातल्या एका मोठ्या मालिकेचे नावच 'मोसमाची पुस्तके' असे आहे. आपल्या शेतकऱ्यांना हे नाव आवडेल. लिस्बनहून जहाजे मार्च-एप्रिलच्या सुमारास निघत, आफ्रिकेला वळसा घालून पावसाळा सरता सरता गोव्याला पोहोचत, आणि परतीची जहाजे डिसेंबर-जानेवारीकडे सुटत. राजाची पत्रे मोसमी वाऱ्याबरोबर येत आणि उत्तरे वाऱ्याबरोबर जात. म्हणजे गोव्याच्या विजरईने एक प्रश्न विचारला, तर उत्तर हाती पडायला दीड-दीड वर्ष लागे. पावसाळ्याच्या तोंडाशी वसई गेली, तेव्हा राजाचा हुकूम मागवून काही करावे अशी सोयच विजरईला नव्हती. युद्धाचा हिशेब करताना तोफा मोजतात, तसे वारेही मोजावे लागतात. हे मला त्या पुस्तकांनी शिकवले.

या कागदांत लढायाच आहेत असेही नाही. १५२६ मध्ये अफोंसु मेशिया या अधिकाऱ्याने गोव्यातल्या गावकऱ्यांच्या चालीरीती लिहून काढल्या. गावची जमीन कोणाची, शेतसारा कसा भरायचा, गावकऱ्यांचे हक्क काय, हे त्यात नमूद आहे. १५५४ मध्ये सिमांव बोतेल्यु याने पोर्तुगीज मुलखाच्या महसुलाची वही तयार केली. तीत वसई प्रांताचा वसूलही आहे. सोळाव्या शतकातल्या आपल्या खेड्यांची इतकी जुनी नोंद, आणि ती परक्या भाषेत! छत्रपती शिवाजी महाराजांचे एक चरित्रदेखील कोज्म द गार्द या लेखकाने पोर्तुगिजात १६९५ मध्ये लिहिले. ते १७३० मध्ये लिस्बनला छापले गेले. त्यातले सगळेच खरे आहे असे नाही, पण शिवछत्रपतींच्या निधनानंतर पंधरा वर्षांनी लोक त्यांच्याविषयी काय सांगत होते, हे त्यावरून कळते.

आपण म्हणाल, हे सारे ठीक, पण ज्यांनी आपल्या भाषेवर घाला घातला त्यांच्या भाषेचे कौतुक कशाला? हा आक्षेप खरा आहे, आणि तो मी टाळणार नाही. छत्रपती संभाजी महाराजांच्या १६८३ च्या स्वारीने गोव्याची गादी हादरली होती. पुढच्याच वर्षी, १६८४ मध्ये, विजरई कोंद द आल्व्होर याने फर्मान काढले, की रयतेने तीन वर्षांत आपली भाषा सोडावी आणि पोर्तुगीज बोलावी. इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, तर १५६० पासून होतेच. ते कायमचे बंद झाले १८१२ मध्ये. हा छळ विसरावा असे मी मुळीच सुचवीत नाही.

पण एक गोष्ट ध्यानात घ्या. ते फर्मान कोणत्या भाषेत आहे? पोर्तुगिजात. अन्यायाची साक्ष द्यायला उभे करायचे तर साक्षीदाराची भाषा यायला हवी. आणि ही साक्ष जगापुढे मांडणारा एक माणूस पोर्तुगीजच होता. कुन्य रिव्हार हा सरकारी अधिकारी एकोणिसाव्या शतकात गोव्यात आला. त्याने जुने कागद चाळले आणि १८५८ मध्ये कोकणी भाषेच्या इतिहासावर निबंध लिहून आपल्याच पूर्वजांच्या भाषाविषयक धोरणावर टीका केली. मुलांना त्यांच्या भाषेत शिकवा, असे तो सांगत राहिला. तेव्हा एखाद्या भाषेत जुलमाचा हुकूम लिहिता येतो, तसा त्याचा निषेधही लिहिता येतो.

दुसरे नाव आपल्या माणसाचे. डॉ. पांडुरंग सखाराम पिसुर्लेकर, जन्म १८९४, सत्तरी तालुक्यातल्या पिसुर्ले गावचे. पोर्तुगीज राजवटीत त्यांनी वर्षानुवर्षे गोव्याचे दप्तरखाने सांभाळले. राज्य परक्यांचे, कागद परक्यांचे. पण त्या कागदांतून त्यांनी मराठ्यांचा इतिहास बाहेर काढला. आधी पोर्तुगिजात लिहिला, आणि १९६७ मध्ये पुणे विद्यापीठाने त्यांचे 'पोर्तुगेज-मराठे संबंध' हे मराठी पुस्तक काढले. भाषा शिकणे म्हणजे त्या भाषेच्या धन्याचे मिंधे होणे, असे ज्यांना वाटते त्यांनी पिसुर्लेकरांचे काम पाहावे.

तसे पाहता पोर्तुगीज आपल्याला अगदी परकी तरी कोठे आहे? महिन्याचा पगार, कुलपाची चावी, गवंड्याचे घमेले, बाजार समितीतला लिलाव, सकाळचा पाव, भाजीतला बटाटा नि कोबी, ही सारी त्या भाषेची देणगी. आमच्या कोकणातला काजू ब्राझीलचा. तेथल्या आदिवासींचे नाव पोर्तुगिजांच्या तोंडी बसले आणि झाडाबरोबर इकडे आले. अननसाचीही कथा तीच. आणि रायगड जिल्ह्यात रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई नावाचे गाव आहे. १७४० मध्ये पोर्तुगीज चौलहून गेले, पण कोर्लईच्या ख्रिस्ती घरांतून पोर्तुगिजापासून निपजलेली एक बोली आजही बोलतात. तिला ते 'नौ लिंग' म्हणतात, म्हणजे 'आमची भाषा'. शब्द बहुतेक पोर्तुगीज वळणाचे, पण क्रियापद मराठीसारखे वाक्याच्या शेवटी येते. शेजाराचा परिणाम तो असा. बोलणारी माणसे हजाराच्या आसपास. इतका मोठा धडा इतक्या लहान गावात आहे, आणि जवळच्या शाळांतल्या किती मुलांना तो ठाऊक असेल?

विद्यापीठात पोर्तुगीज शिकू लागलो तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. आम्ही काही जण इतिहासाच्या ओढीने आलो होतो, पण अभ्यासाला जग निघाले केवढे तरी मोठे. पोर्तुगाल हा या भाषेच्या घरातला आता एक भाऊ, तोही धाकटा. एकट्या ब्राझीलमध्ये वीस कोटींवर माणसे आहेत. अंगोला, मोझांबिक, गिनी-बिसाऊ, केप व्हर्ड, साओ तोमे, पूर्व तिमोर हे देश पोर्तुगालच्या जोखडातून सुटले, आणि राज्यकारभारासाठी पोर्तुगीज त्यांनी स्वतःच्या मर्जीने ठेवली. कोणी फर्मान काढले नव्हते. त्यांच्या लढ्यात गोव्याचाही एक माणूस होता, आकिनु द ब्रागांस. बारदेशात जन्मलेला हा विद्वान मोझांबिकच्या स्वातंत्र्यचळवळीत राबला, पुढे मापुतोच्या विद्यापीठात आफ्रिकाविषयक अभ्यासकेंद्राचा प्रमुख झाला, आणि १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष सामोरा माशेल यांच्याबरोबर विमान अपघातात गेला. साम्राज्याशी लढणाऱ्यांनी साम्राज्याचीच भाषा हत्यारासारखी वापरली.

आता व्यवहाराचे बोलू. गोवा विद्यापीठात पोर्तुगीज विषय घेऊन एम. ए. करता येते. दिल्लीला जवाहरलाल नेहरू विद्यापीठातही ही भाषा शिकवतात. मराठी मुलाला ती फार अवघड जात नाही. नाकातले उच्चार आपल्याला परके नाहीत, आणि लिंगभेदाची सवय तर आपल्याला जन्मापासूनच आहे. कष्ट आहेत ते जुने हस्ताक्षर लावण्याचे. माझे पहिले पान लागायला आठ दिवस गेले. पण ज्याने मोडीशी झटापट केली आहे, तो या अक्षराला भिणार नाही.

काळजी आहे ती निराळीच. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. त्याआधी शाळेत पोर्तुगीज शिकलेली पिढी आता फार थोडी उरली आहे. ज्यांना कागद घरबसल्या वाचता येत होते अशी माणसे निघून चालली आहेत. मोडी आणि पोर्तुगीज दोन्ही वाचणारे तर बोटांवर मोजावे लागतील. दप्तर जपून ठेवले, पण वाचणारा उरला नाही, तर त्याचा उपयोग काय? म्हणून शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती आहे. वर्गात इतिहासाची आवड असलेले, भाषेचा कान असलेले एखादे मूल दिसले, तर ही वाटही आहे एवढे त्याच्या कानावर घाला. सगळ्यांनी शिकावे असे नाही. जिल्ह्यातून दोघे-तिघे निघाले तरी पुष्कळ झाले.

गेल्या दिवाळीत मी हे सगळे गुरुजींना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. थोड्या वेळाने म्हणाले, "त्या वसुलाच्या वहीत आपल्या गावाचे नाव असेल का रे?"

"असेल, गुरुजी. पण ओळखायला थोडे कष्ट पडतील. त्यांनी आपल्या कानाने लिहिले आहे."

"मग शोध," गुरुजी म्हणाले, "आणि सापडले की आधी मला वाचून दाखव."

तो शोध मी सुरू केला आहे.