साठ पिनांची कॅसेट

जपानच्या निन्तेन्दो कंपनीने आपल्या यंत्रांच्या विक्रीचा तक्ता जाहीर केला आहे. फॅमिली कॉम्प्युटर ऊर्फ फॅमिकॉम आणि त्याचाच परदेशी अवतार एनईएस, या दोन्हींची मिळून जगभरची विक्री त्यात ६ कोटी १९ लाख १० हजार दिली आहे. रकाने तीनच. जपान १ कोटी ९३ लाख ५० हजार, अमेरिका खंड ३ कोटी ४० लाख आणि इतर ८५ लाख ६० हजार. भारताला स्वतंत्र रकाना नाही. असलाच तर तो या ‘इतर’मध्ये. आणि तरीही नव्वदच्या दशकात बारामती-इंदापूर रस्त्यालगत वाढलेल्या कोणालाही मारिओ कोण, हे सांगावं लागत नाही. कंपनीच्या तक्त्यात जो देश दिसतही नाही, तिथल्या पोरांना तिचा नायक तोंडपाठ कसा झाला, हे जमतील त्या कागदांवरून आणि वस्तूंवरून जुळवून पाहण्यासारखं आहे.

वस्तूपासूनच सुरुवात करू. लासुर्ण्यातल्या एका माळ्यावरून निघालेली पिवळ्या प्लॅस्टिकची कॅसेट समोर आहे. तिच्यावरच्या कागदावर ‘९९९९९९९ इन १’ छापलंय. हा आकडा अर्थातच थाप आहे: यादी थोडी खाली सरकवली की तोच ‘कॉन्ट्रा’ दुसऱ्या टप्प्यापासून, तोच मारिओ वेगळ्या नावाने पुन्हा भेटतो. पण खालच्या कडेच्या सोनेरी पिना थाप मारत नाहीत. त्या मोजल्या तर एका बाजूला ३०, दुसऱ्या बाजूला ३०. अमेरिकेत विकल्या गेलेल्या एनईएसच्या कॅसेटला ७२ पिना असतात, जपानी फॅमिकॉमच्या कॅसेटला ६०. म्हणजे आपल्याकडे जे आलं त्याचं घराणं जपानी. भारतात विकल्या गेलेल्या यंत्रांच्या डब्यांवर समुराई, मीडिया अशी नावं असत. गावात मात्र सगळ्यालाच ‘व्हिडिओ गेम’ म्हणत आणि चालेना झाला की कॅसेट काढून तिच्यात फुंकर मारत.

हा बारा पिनांचा फरक महत्त्वाचा आहे. फॅमिकॉम १५ जुलै १९८३ रोजी १४,८०० येनला बाजारात आला तेव्हा त्याला कुलूप नव्हतं. कोणीही कॅसेट बनवावी, खोचावी, ती चालायची. ही चूक कंपनीला लवकरच उमगली. २३ डिसेंबर १९८५ रोजी तिने अमेरिकेत एका पेटंटसाठी अर्ज केला. ते ४७९९६३५ या क्रमांकाने २४ जानेवारी १९८९ रोजी मंजूर झालं. त्यातली युक्ती अशी: एक चिप यंत्रात, तिची जोडीदार कॅसेटमध्ये. दोघी एकाच वेळी एकच हिशोब करत राहतात. उत्तरं जुळली तर खेळ चालतो, नाही जुळली तर यंत्र पुन्हापुन्हा नव्याने सुरू होतं आणि पडदा लुकलुकत बसतो.

या कुलपासाठी पुढे जी लढाई झाली ती अमेरिकी न्यायालयाच्या १९९२च्या निकालपत्रात वाचायला मिळते. अटारी गेम्स या कंपनीला ही चिप फोडता येईना. तेव्हा त्यांच्या वकिलांनी कॉपीराइट कार्यालयात अर्ज केला, की निन्तेन्दोशी दावा सुरू आहे, त्यासाठी या प्रोग्रामची प्रत हवी. त्या वेळी असा दावा सुरूच नव्हता. प्रत मिळाली, कुलूप उघडलं. न्यायालयाने मात्र हे खपवून घेतलं नाही आणि अटारीविरुद्धचा मनाई हुकूम कायम ठेवला. कंपन्यांचे वकील किती थराला जातात ते पाहायचं तर हा निकाल मुळातूनच वाचावा. पण सगळी राखण पुढच्या दाराची होती. कुलूप ७२ पिनांच्या यंत्राला बसलं. ६० पिनांचं दार उघडंच राहिलं.

त्या दारातून तैवानचे चिप-कारखाने आत शिरले. यूएमसी या कंपनीने फॅमिकॉमच्या दोन्ही मुख्य चिपांच्या प्रतिकृती काढल्या, आणि इथे नुसती नक्कल नव्हती. जपान-अमेरिकेचे टीव्ही सेकंदाला ६० चित्रं दाखवत, आपले पाल पद्धतीचे ५०. निन्तेन्दोने युरोपच्या पाल टीव्हींसाठी जे अधिकृत यंत्र काढलं त्यात प्रोसेसरचा वेग १.७९ मेगाहर्ट्‌झवरून १.६६वर आणला, आणि प्रोसेसर व चित्राची चिप यांचं मूळ प्रमाण मोडलं: प्रोसेसरच्या एका ठोक्याला तीन ठिपके होते ते ३.२ झाले. जपानी कॅसेट त्यावर चालवली तर काही खेळांचं चित्र बिघडे, संगीताचा सूर उतरे. यूएमसीच्या पाल चिपांनी वेग १.७७ ठेवला, एकाला तीनचं प्रमाण राखलं आणि उरलेला वेळ पडद्याच्या रिकाम्या ओळींत जिरवला. सेकंदाला चित्रं ५०च, त्यामुळे मारिओ धावायचा थोडा संथ, पण सूर जवळजवळ मूळचा आणि जपानसाठी लिहिलेले बहुतेक खेळ जसेच्या तसे चालायचे. पाल टीव्ही असलेल्या देशात जपानी कॅसेट चालवायची तर डुप्लिकेट माल अधिकृत मालापेक्षा बरा होता. ‘डुप्लिकेट’ म्हणून त्याला नाक मुरडणाऱ्यांनी निदान एवढं श्रेय द्यायला हरकत नाही.

अस्सल कंपन्यांना इथे येता येत नव्हतं असं नाही. यायचा रस्ता महाग होता. ग्राहकोपयोगी मालाच्या आयातीवर परकीय चलनाच्या तुटवड्याचं कारण देऊन घातलेले निर्बंध भारताने टप्प्याटप्प्याने काढले. अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली, १९९९मध्ये निकाल भारताच्या विरुद्ध गेला आणि उरलेल्या ७१५ वस्तूंवरचे निर्बंध १ एप्रिल २००१ रोजी उठले. त्याआधी, एप्रिल १९९५मध्ये, निन्तेन्दोची प्रतिस्पर्धी सेगा भारतात आली ती शॉ वॉलेसचा हात धरून. हे नाव आपल्या लोकांना व्हिस्कीच्या बाटलीवरून माहीत होतं! बाहेरून आणलेल्या यंत्रावर ८० टक्के आयात शुल्क पडे, ते चुकवण्यासाठी हा करार. तरीही सेगाच्या मेगा ड्राइव्ह या यंत्राची किंमत १८,००० रुपये. १९९५-९६च्या हंगामासाठी केंद्राने उसाला ठरवून दिलेला वैधानिक किमान भाव क्विंटलला ४२ रुपये ५० पैसे होता. कारखाने प्रत्यक्षात त्याहून जास्त देत हे खरं, पण त्या सरकारी भावाने हिशोब केला तर एका मेगा ड्राइव्हला ४२ टन ऊस लागतो. वालचंदनगर आणि भवानीनगरच्या मधल्या पट्ट्यात ४२ टन म्हणजे काय, हे सांगायची गरज नाही. पोराच्या हट्टापायी एवढा ऊस घालवणारा बाप निघणं अवघडच.

सेगाची भांडणं निन्तेन्दोशी, मग सोनीशी. त्यांची निवेदनं वाचली तर वाटतं, जगात कंपन्या तीनच. आपल्या बाजारात मात्र त्यांची गाठ अशा मालाशी होती ज्याचा ना वार्षिक अहवाल निघे, ना कोणी निवेदन काढे.

पुढची पिढी आली तरी किमतीची अढी सुटली नाही. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २००६मध्ये एक्सबॉक्स ३६० भारतात आणला. किंमत १९,९९० आणि २३,९९० रुपये, जाहिरातीला अक्षय कुमार आणि युवराज सिंग. एप्रिल २००७मध्ये सोनीचा प्लेस्टेशन ३ आला, ३९,९९० रुपयांना. सोनीने मग शहाणपणा केला. बाहेर जुना झालेला प्लेस्टेशन २ इथे चालू ठेवला आणि त्याच्यासाठी इथलेच खेळ करून घेतले: २००९मध्ये ‘हनुमान: बॉय वॉरियर’ आणि विटीदांडू-कबड्डीचा ‘देसी अड्डा’, पाठोपाठ मुंबईच्या ट्राइन कंपनीचा ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’. ज्या पोराच्या दाराशी खरा विटीदांडू पडलेला त्याला तो पैसे घेऊन टीव्हीवर दाखवायचा, ही कल्पना कोणाला सुचली असेल ती असो.

त्या वर्षांत गावाकडे आणखी एक अडचण होती, तिला ना जाहिरात उत्तर देऊ शकत होती ना किंमत. लोडशेडिंग. कन्सोलला बॅटरी नसते, टीव्हीलाही नसते. दुपारी शाळा सुटून पोरगं घरी यायचं आणि वीज गेलेली असायची. पुढे सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आलं, स्वस्त डेटाने खेळ खिशातल्या फोनवर आले, आणि फोन वीज नसतानाही चालत होता.

जुलै २०१७पासून कन्सोलवर जीएसटी होता २८ टक्के. २२ डिसेंबर २०१८च्या बैठकीत जीएसटी परिषदेने तो १८वर आणला. १ जानेवारी २०१९पासून तो लागू झाला. कन्सोल बनवणाऱ्यांना तेवढाच दिलासा. त्याच दिवशीच्या यादीत, २८वरून १८वर आणलेल्या वस्तूंमध्ये, मोबाइल चार्ज करायची लिथियम-आयन पॉवर बँकही होती.