झाशीचा राहुकाल

राहुकालाचे गणित सोपे आहे. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या दिनमानाचे आठ समान भाग करावयाचे. सोमवारी दुसरा, शनिवारी तिसरा, शुक्रवारी चौथा, बुधवारी पाचवा, गुरुवारी सहावा, मंगळवारी सातवा व रविवारी आठवा भाग शुभकार्यास वर्ज्य मानावयाचा. दिनमान १२ तासांचे असता हा भाग दीड तासाचा. झाशीस मात्र तो उन्हाळ्यात पावणेदोन तासांच्या जवळ जातो, हिवाळ्यात १ तास २० मिनिटांवर येतो. शिवाय झाशीस माध्यान्ह घड्याळातील बारानंतर सरासरी १६ मिनिटांनी होते. म्हणून हा काल घड्याळाचा नव्हे, त्या त्या गावच्या सूर्याचा होय.

१८५८ साली झाशीच्या वेढ्यात भिक्षुकीसाठी उत्तरेत गेलेले वरसईचे विष्णुभट गोडसे सापडले होते. ३ एप्रिलला शनिवार होता. वरील नियमाने त्या दिवशीचा राहुकाल स्थानिक वेळेनुसार सकाळी नऊच्या सुमारास लागतो. सर ह्यू रोजच्या फौजेने तटावर चढाई केली ती पहाटेच. पुढे राणी लक्ष्मीबाई रात्रीच्या वेळी किल्ला सोडून काल्पीकडे निघाल्या. वर्ज्य काल टाळण्याची सवड शांततेच्या दिवसांत असते. वेढ्यातल्या झाशीला ती मिळाली नाही.