आग्र्याचें दस्तक

भोर प्रांतांतील कारीच्या जेधे घराण्याच्या शकावलींत, शके 1587 फाल्गुन शुद्ध 9 (5 मार्च 1666) या दिवशीं शिवाजीमहाराज राजगडाहून आग्र्यास निघाल्याची नोंद आहे. वेल्ह्याच्या डोंगरांतून निघतांना वाटखर्चास दक्षिणच्या बादशाही खजिन्यांतून एक लक्ष रुपये मंजूर होते आणि मिर्झाराजा जयसिंगाचें अभयवचन पाठीशीं होतें. वाटेंत आलेल्या औरंगजेबाच्या पत्रांत तर भेटीनंतर परतण्यास रजा मिळेल असेंहि आश्वासन होतें. परंतु आश्वासनावर चौकी उघडत नाहीं; तिला दस्तक लागतें.

कौटिल्याचा मुद्राध्यक्ष एक माषक घेऊन मुद्रा देई, व त्याच मुद्रेवर मनुष्यास जनपदांत येतां येई आणि बाहेरहि पडतां येई. आग्र्यास या दोहोंची फारकत झाली. 12 मेच्या दरबारानंतर फुलादखानाचे पहारे बसले. तेव्हां महाराजांनीं आपल्या माणसांस देशीं परत धाडण्याची परवानगी मागितली. कैद्याचें बळ आपोआप घटतें, हें बादशहास सोयीचेंच वाटलें असावें, दस्तकें मिळालीं. यास केवळ युक्ति म्हणून वाखाणणें आम्हांस अपुरें वाटतें. ज्यांच्या नांवें कागद मिळण्याजोगा होता, त्यांस धन्यानें आधीं सुखरूप बाहेर काढिलें, हाहि त्यांतला अर्थ आहे. स्वतःच्या नांवाचें दस्तक त्यांस मिळालेंच नाहीं. 17 ऑगस्टला ते त्यावांचून निसटले. शिवभारतकार कवीन्द्र परमानंद मात्र दौसा येथें अडकविले गेले.